पल्सर १५०: मागचा टायर गोटा झालाय, १२०चा टाकू का? उरलेल्या पैशांत अजून काय करू?

खंबाटकीकर | ४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गाडी पल्सर १५०, २०१८चं मॉडेल, पुढे डिस्क, मागे ड्रम. ४६ हजार किलोमीटर झालेत. रोज हडपसर ते खराडी आणि महिन्यातून दोनदा साताऱ्याजवळ गावी. जाताना खंबाटकी घाट, येताना बोगदा. निम्म्या वेळा बायको डबलसीट, आणि येताना आईने दिलेलं ज्वारीचं पोतं टाकीवर.

मागचा टायर पार गोटा झालाय. गेल्या रविवारी पावसात घाट उतरल्यावर वेळे गावाच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला, मीही मारला, आणि गाडीचं मागचं चाक मला ओलांडून पुढे जायला बघत होतं. पडलो नाही एवढंच. मागे एसटी होती.

दिवाळीच्या बोनसमधून १५ हजार घरून मंजूर झालेत. माझी यादी अशी: मागे १२०/८०-१७चा रुंद टायर, एलईडी हेडलाइट, आवाजवाला सायलेन्सर, मोकळा श्वास घेणारा एअर फिल्टर, आणि उरलेच तर हँडलच्या टोकाला लागतात ते गोल आरसे. टायर कोणत्या कंपनीचा घेऊ? आणि यादीत काही राहिलंय का?

टवाळ_तात्या | ४ ऑक्टोबर, रात्री ९.५२

राहिलंय ना. बॅंडवाले. सायलेन्सरच्या मागे चालायला.

नानापेठी | ४ ऑक्टोबर, रात्री ११.१५

खंबाटकीकर, आधी टायरचं बोलू. बाकीच्या यादीचं तात्यांनी बोलून टाकलंच आहे.

मी नाना पेठेत टायरच्या दुकानात बावीस वर्षं काढली, आता गुडघे गेले म्हणून गल्ल्यावर बसतो. रोज चार पोरं येतात आणि "काका, मोठ्यात मोठा बसेल तो टाका" म्हणतात. तुमच्या गाडीला कंपनीने मागे १००/९०-१७ दिलाय, पुढे ८०/१००-१७. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के. तिसरा रिमचा व्यास, इंचात. आता पाटी-पेन्सिल घ्या. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी. १००च्या ९० टक्के ९०, वर एक खाली एक, १८० मिळवा. झाले ६११.८. तुमचा लाडका १२०/८० घ्या: ९६ दुणे १९२, एकूण ६२३.८. चाक १२ मिमीने मोठं झालं, जवळजवळ दोन टक्के. म्हणजे मागचं स्प्रॉकेट, चेनचं दातेरी चाक, लहान केल्यासारखं. पिकअप थोडा मरेल, घाटात चौथ्यात जिथे जेमतेम चढायची तिथे तिसरा टाकावा लागू शकतो.

आणि ११०/८०-१७ करून बघा. ८८ दुणे १७६, एकूण ६०७.८. चार मिमीचा फरक, गाडीला कळणारही नाही. रुंदीच हवी असेल तर इथवर जा आणि थांबा.

टायरवर पुढे ५५पी असं काही लिहिलेलं असतं. ५५ म्हणजे त्या चाकावर २१८ किलोपर्यंत भार, पी म्हणजे ताशी १५० किमीपर्यंत वेग. डबलसीट आणि ज्वारीचं पोतं असेल तर ५५च्या खाली उतरू नका, मग दुकानदार काहीही सांगो.

खंबाटकीकर | ५ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

काका, साष्टांग. पण एक शंका. माझ्याच पल्सरचं ट्विन डिस्क मॉडेल येतं, त्याला कंपनीनेच मागे १२०/८०-१७ दिलाय. इंजिन तेच. मग माझ्या गाडीने काय घोडं मारलंय?

बाइकवेडा_९६ | ५ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

बिनधास्त टाक भावा. माझ्या सिंगल डिस्कला दोन वर्षं १२० आहे. मागून काय दिसते गाडी! अॅव्हरेज दोनतीनने कमी झालं, बाकी शून्य प्रॉब्लेम. हे लोक कागदावर गणितं करत बसतात.

चक्रधर | ५ ऑक्टोबर, दुपारी १.२०

खंबाटकीकरांची शंका रास्त आहे, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

ट्विन डिस्क काढताना कंपनीने नुसता टायर बदलला नव्हता. पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, ३१ मिमीचे ३७ झाले. पुढची डिस्क २४०ची २६०, मागे ड्रम जाऊन २३०ची डिस्क. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १३२०चा १३४५. पुढचा टायरही ९०/९०. म्हणजे रुंद टायर हा त्या सगळ्या बदलांच्या शेवटी आलेला पाहुणा. तुम्ही पाहुण्याला एकट्यालाच घरी नेताय.

आता रिम. प्रत्येक टायरला रिमची रुंदी ठरलेली असते. १२०/८०ला साधारण अडीच ते तीन इंच रुंद रिम हवा. त्याहून अरुंद रिमवर तो बसवला की दोन्ही बाजूंनी चिमटला जातो आणि मधून उभा राहतो, हातात दाबलेल्या पावासारखा. मग सरळ चालताना रस्त्याला टेकणारा पट्टा वाढायच्या ऐवजी कमी होऊ शकतो, आणि कडेचं रबर कधी टेकतच नाही. बाइकवेडा, तुमच्या टायरच्या कडांना अजून नव्या टायरचे ते रबराचे बारीक केस शिल्लक आहेत का बघा. तुमच्या रिमची रुंदी त्याच्यावरच ओतीव अक्षरांत असते, १७च्या पुढे गुणिलेचं चिन्ह आणि एक आकडा. चाक पुसा आणि वाचा. दहा मिनिटांचं काम आहे आणि दोन्ही बाजूंचा वाद मिटतो.

आता मला तुम्हाला एक विचारायचंय. त्या टेम्पोमागे तुम्ही कोणता ब्रेक दाबलात?

खंबाटकीकर | ५ ऑक्टोबर, दुपारी १.४५

पायाचा. म्हणजे मागचा. पुढचा मी फार वापरतच नाही. वडिलांनी गाडी शिकवली तेव्हाच बजावलं होतं, पुढचा दाबशील तर तोंडावर पडशील.

चक्रधर | ५ ऑक्टोबर, दुपारी १.५८

वाटलंच. हे महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत शिकवलं गेलंय. वडिलांची काय चूक, त्यांच्या वेळच्या गाड्यांना पुढे ड्रम, रस्ते मुरमाचे, टायर दगडासारखे. त्या जमान्यात तो सल्ला बरोबरच होता.

पण ब्रेक लावताच गाडीचं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकावर पायाने नाचलात तर ते अडकतं आणि घसरतं. ते गोटा असेल, रस्ता ओला असेल तर आणखी लवकर. त्यात तुमची गाडी २०१८ची. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१९ला. म्हणजे तुमचं चाक सोडवायला कोणी नाही. गाडी थांबवायचं मोठं काम पुढचं चाक करतं, आणि तुमच्या यादीत पुढच्या चाकासाठी एक रुपया नाही.

पुढे ८०/१००च्या जागी ९०/९०-१७ चालतो का तेही बघा. नानापेठींच्या पाटीवर मांडलंत तर ५९१.८ आणि ५९३.८, दोनच मिमीचा फरक. या गाडीचं स्पीडचं सेन्सर पुढच्या चाकाला असतं, तेही फसणार नाही. रिमचा आकडा आणि मडगार्डची फट आधी मोजा. मला विचाराल तर मागे १२० टाकण्यापेक्षा हा खर्च सार्थकी लागेल. फक्त तो मागून कोणाला दिसत नाही, ही अडचण आहे.

टवाळ_तात्या | ५ ऑक्टोबर, दुपारी २.१०

चक्रधर, शेवटचं वाक्य म्हणजे आमच्या अख्ख्या पिढीचं पोस्टमॉर्टेम केलंत.

वऱ्हाडी_ठेचा | ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३३

अबे भाऊ, सारे टायरची रुंदी पाहून राहिले, त्याच्यातली हवा कोण पाहून राहिला?

मी नागपूरचा. मे महिन्यात ४५-४६ डिग्री, खाली सिमेंटचा रस्ता. पंक्चरवाला अंगठ्याने दाबून पाह्यते अन् म्हणते "झालं साहेब". घरी आणून गेज लावला तर मागे ४२! तुमच्या पल्सरला पुढे २५, मागे एकटे असाल तर २८, डबलसीट ३२ पीएसआय. चेनगार्डजवळ स्टिकर असते, नसेल तर मॅन्युअल पाहा. जास्त हवेने टायर फुग्यासारखा मधूनच टेकते अन् मधूनच झिजते. कमी हवेने दोन्ही कडा खाल्ल्या जातात, टायर तापते. हवा सकाळी गार टायरची तपासायची. वीस किलोमीटर चालवून मोजली तर आकडा वरच दिसन. चारपाचशेचा गेज घ्या भाऊ. तुमच्या १५ हजारातला सगळ्यात मोलाचा खर्च हाच.

अवांतर: आमच्या बुटीबोरीत सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना हाय. म्हणून काय मी त्यांचाच घ्या म्हणत नाही. गावचा माणूस म्हणून सांगतलं.

मोगरा | ५ ऑक्टोबर, रात्री ९.००

मी स्कूटरवाली, पण वाचतेय. आईची स्कूटर आठ वर्षांची, चालली आहे जेमतेम नऊ हजार. टायरची नक्षी अगदी नव्यासारखी. पण कडेला बारीक भेगा पडल्यात, तळहातावर उन्हाळ्यात पडतात तशा. मेकॅनिक म्हणतो, अजून चार वर्षं चालेल. खरं का?

आणि खंबाटकीकर, तुमच्या यादीत मागे बसणाऱ्या वहिनींचं हेल्मेट कुठेय? की ज्वारीच्या पोत्यासारखं त्यांनाही नकोच?

नानापेठी | ५ ऑक्टोबर, रात्री १०.४०

मोगराताई, बदला. दोन्ही. रबर वापरलं तरी म्हातारं होतं आणि नाही वापरलं तरी होतं. ऊन, हवा, वेळ यांनी ते कडक पडतं. नक्षी शाबूत आणि पकड शून्य, असा टायर गोट्यापेक्षा धोक्याचा, कारण गोट्याची निदान भीती तरी वाटते.

जन्मतारीख टायरवरच असते. कडेला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे बघा. २३२४ असेल तर २०२४ सालातला तेविसावा आठवडा. कधी हा आकडा एकाच बाजूला असतो, तो रिमच्या आतल्या अंगाला गेला तर वाकून बघावं लागतं. नवा टायर घेताना सहा-आठ महिन्यांपेक्षा जुना नको, असं आधीच सांगायचं. दुकानदार तोंड वाकडं करेल. मीही करायचो. पण आतून ताजा काढून द्यायचो.

पैशांचंही बघा. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८चा १८ टक्के झालाय. जुन्या किमतीचा माल पुढे करत असतील तर विचारा.

बसवताना दोन गोष्टी उभं राहून बघायच्या. बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना. आणि कडेला पिवळा ठिपका असेल तर तो वॉलपाशी, म्हणजे हवा भरायच्या तोंडापाशी, आलाय ना. ती टायरची सगळ्यात हलकी जागा असते, वॉलचं वजन तिथे बरोबरी करतं. आणि अलॉयवर टॉमी मारून टायर काढणाऱ्याला हात लावू देऊ नका. रिमच्या काठाला ओरखडा गेला की ट्यूबलेस महिनाभर हळूहळू हवा सोडत बसतो, आणि मग तुम्ही टायरच्या कंपनीला शिव्या देता.

बाइकवेडा_९६ | ५ ऑक्टोबर, रात्री ११.०५

सकाळपासून माझ्यावरच घसरलेत सगळे. केस बघितले. आहेत कडेला. पण मी घाटात गाडी झोपवत नाही, मला काय फरक पडतो?

चक्रधर | ५ ऑक्टोबर, रात्री ११.२०

झोपवत नसाल तर रुंद टायर कशाला घेतलात? :)

फोंडेकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

आमच्या गोंयात जून लागला की रस्त्यावर लाल चिखल, झाडाखाली शेवाळ आणि पुलावर पांढरे पट्टे. या तिन्हींवर कोणताही टायर घसरतो, हे आधी मान्य करा. पण कोणता कधी घसरतो यात फरक आहे.

रबर मऊ असेल तर पकड चांगली, आयुष्य कमी. कडक असेल तर उलट. माझ्या गाडीला कडक टायर ३० हजारांच्या वर चालला, नंतर घेतलेला मऊ वीस हजारांतच संपला. पण त्या वीस हजारांत चार पावसाळी प्रसंग असे होते की मला हिशेब पटला. खराडीच्या ट्रॅफिकमधून रोज जाणाऱ्याने कडक घेतला तर काही बिघडत नाही. पण घाट आणि पाऊस असेल तर मधला किंवा मऊ. एमआरएफचा कारखाना इथे उसगावला, माझ्या घरापासून जवळ. तरी माझ्या गाडीला सध्या दुसऱ्याच कंपनीचे आहेत. नावावर जाऊ नका. त्याच कंपनीचे दोन टायर दोन स्वभावांचे असतात.

नक्षीचंही सांगतो. खोल चिरा पाणी बाहेर ढकलायला असतात. घाट करता म्हणून बटण टायर घ्यायचा विचार मनात आलाच असेल तर काढून टाका. डांबरावर त्याची बटणंच टेकतात, मधली जागा हवेत असते. ओल्या डांबरावर ते नकोच.

खंबाटकीकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

बटण टायरचा विचार खरंच आला होता. कबूल.

वहिनींच्या हेल्मेटचा मुद्दा घरी वाचून दाखवला. चूक केली. आता बजेटमध्ये नवीन भागीदार आलाय.

लेस्टरकर | ६ ऑक्टोबर, दुपारी ३.००

इकडे इंग्लंडमध्ये ५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलला टायरच्या रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात निदान १ मिमी नक्षी लागते. नसेल तर वार्षिक तपासणीत नापास. भारतात दुचाकीला ०.८ मिमीचा नियम आहे ना?

नानापेठी | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२०

आहे. चिरांच्या तळाशी जागोजागी उंचवटे दिलेले असतात. कडेला टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण दिसेल, त्याच्या सरळ रेषेत बघा. नक्षी त्या उंचवट्याला येऊन भिडली की टायर संपला. पण ०.८ ही कायद्याची रेषा झाली. पावसाची रेषा त्याच्या बरीच आधी असते. मी स्वतः २ मिमी राहिली की जून लागायच्या आत बदलतो.

चक्रधर | ६ ऑक्टोबर, रात्री ९.४५

आता यादीतल्या बाकीच्या गोष्टी. मला त्यात गरजेची वस्तू एकही दिसत नाही, आणि ४६ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत झिजलेल्या वस्तू पुष्कळ दिसतात.

हेडलाइट. तुमचा बल्ब ३५/३५ वॅटचा आहे आणि रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेसाठी घडवलाय. प्रकाश नेमका कुठून निघणार ते धरूनच त्या आरशाचे वाक ठरतात. त्यात बाजारातला एलईडी बल्ब खुपसला की उजेड भरपूर दिसतो, पण भिंतीवर. रस्त्यावर तो विखुरतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि पावसात पुढे पांढरा पडदा उभा राहतो. ६०/५५चा हॅलोजन टाकून मोकळे होणारेही आहेत. त्यांचे होल्डर वितळलेले मी पाहिलेत. आधी काच आतून धुरकट झालीय का बघा, फोकस किती वर-खाली आहे तो लावून घ्या, बॅटरीचे व्होल्ट मोजा. यात शंभर-दोनशे रुपये जातील आणि बहुतेक तक्रार संपेल.

एअर फिल्टर. कार्बुरेटरच्या गाडीला मोकळा फिल्टर लावला की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं. पेट्रोल सोडणारे जेट बदलावे लागतात. नाही बदललेत तर गाडी तापते, प्लग पांढरा पडतो. हे सगळं करून मिळतं काय? आवाज. त्यापेक्षा जुना फिल्टर फेकून कंपनीचाच नवा टाका.

उलट हे बघा. गाडी मधल्या स्टँडवर लावून पुढचं चाक उचला, हँडल हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे फिरवा. मध्यावर किंचित अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्याच्यावर फिरतं ती बेअरिंग, गेला. हँडलला दोन्ही हातांनी पुढे-मागे ढकलून बघा, टकटक लागली तरी गेला. मागचं चाक डाव्या-उजव्या बाजूंनी हलवा, हललं तर बुश किंवा बेअरिंग. चेन स्प्रॉकेटवरून मागे ओढून बघा, अर्धा दात दिसला तर चेनसेट. ब्रेक ऑइलच्या डबीत बघा, चहाच्या रंगाचं झालं असेल तर बदला. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, उतारावर सतत ब्रेक लागला की उकळतं आणि लिव्हर पोकळ होते. दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुमचं कधी बदललंय?

खंबाटकीकर | ६ ऑक्टोबर, रात्री १०.०१

ते बदलतात?

टवाळ_तात्या | ६ ऑक्टोबर, रात्री १०.०३

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, आणि कोंबडी सात वर्षं धुतलेलीच नाही.

कलमबहाद्दर | ७ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

सायलेन्सरबद्दल कोणी गंभीरपणे बोललंच नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीचे तपशील कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे होतील असे बदल करायचे नाहीत. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच अधोरेखित केलं. पोलीस कर्कश सायलेन्सर जमा करून त्यावर रोलर फिरवतात, ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. दंड भरून तुम्ही सुटाल. पण असा बदल केलेल्या गाडीचा अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तिथूनच विचारते.

मोगरा | ७ ऑक्टोबर, सकाळी १०.५०

आणि रात्री अकराला तान्हं बाळ नुकतंच झोपलेलं असताना खालून ती गाडी गेली की जो शाप निघतो, त्याला कुठलंच कलम लागत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | ७ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

मोगराताई +१. अन् खंबाटकीकर, पंक्चरचं सामान ठेवा सीटखाली. ट्यूबलेसले दोऱ्याचं पंक्चर रस्त्यावर स्वतः काढता येते. खिळा मधल्या भागात असेल तरच हं. कडेच्या भिंतीत गेला तर दोरा घालून गावापर्यंत जायचंही धाडस नोको करू.

खंबाटकीकर | २७ ऑक्टोबर, रात्री ८.५०

धागा वर काढतोय. काय केलं ते सांगणं माझं कर्तव्य.

चाक पुसून रिमवरचा आकडा वाचला आणि १२०चा विषय मी स्वतःच बंद केला. मागे १००/९०-१७च घेतला, ५५पी, मधल्या रबराचा. तारीख विचारली तेव्हा दुकानातला पोरगा हसला, मग आत जाऊन दुसरा घेऊन आला. पहिल्यावर २०२३चा आकडा होता.

पुढचा टायर काढून बघितला तर सालाचे आकडे १८. म्हणजे गाडीसोबत आलेलाच. नक्षी होती, म्हणून सात वर्षं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. रिम आणि फट मोजून ९०/९० टाकला. चक्रधर, तुमची हँडलची परीक्षा मी पार्किंगमध्येच केली. मध्यावर असा खटका बसला की मला वाटलं लॉक लागलं. खंबाटकीच्या वळणावर गाडी जी "तरंगते" असं मी दोन वर्षं म्हणत होतो, आणि ज्याच्यावर उपाय म्हणून १२० टाकणार होतो, तो हा कोन सेट निघाला. बसवून झाल्यावर पहिल्याच वळणावर मी हँडल जास्त वळवलं, कारण इतका जोर लावायची सवय लागली होती.

पुढे डिस्क पॅड, मागे लायनर, ब्रेक ऑइल. जुनं ऑइल मेकॅनिकने बाटलीत धरून दाखवलं. चहा नव्हे, काढा. चेनसेट नवा. कंपनीचा एअर फिल्टर. हवेचा गेज आणि पंक्चरचं सामान. सगळं मजुरीसकट ११ हजार ८०० झाले. हेडलाइटला फक्त फोकस लावला, ८० रुपये. इतकी वर्षं मी झाडांच्या शेंड्यांना उजेड दाखवत होतो.

उरलेल्यांत बायकोला आयएसआयचं हेल्मेट. मरून रंगाचं, काचेसकट. माझ्या हेल्मेटपेक्षा महाग आहे, याची नोंद घरात रोज घेतली जाते.

भाऊबीजेला गावी जाताना वेळ्याच्या त्याच टप्प्यावर मुद्दाम मागचा आरसा बघितला, कोणी नाही असं पाहून कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक लावून बघितले, पुढचा हळूहळू दाबत. गाडी सरळ रेषेत थांबली. घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "पुढचा दाबलास? तुला किती वेळा सांगितलंय."

चक्रधर | २७ ऑक्टोबर, रात्री ९.३०

वा! ब्रेकचा सराव चालू ठेवा, मोकळ्या मैदानात. आणि नवे टायर पहिले दीडशे किलोमीटर जपून. वरचा गुळगुळीत थर घासला जाईपर्यंत ते घसरतात.

खंबाटकीकर | २७ ऑक्टोबर, रात्री ९.४१

उशिरा सांगितलंत. दुकानातून बाहेर पडताना फरशीवर पाय टेकवूनच वाचलो. पोरगा दुसऱ्यांदा हसला.

बाइकवेडा_९६ | २८ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

काका, ११०/८० तुमच्याकडे मिळेल का? सहज विचारतोय.

नानापेठी | २८ ऑक्टोबर, सकाळी ९.००

या. केस कापून देतो.

नवा_गडी | २८ ऑक्टोबर, सकाळी ११.१२

नमस्कार, छान धागा. माझी स्प्लेंडर आहे, मागे ८०/१००-१८ आहे. १२० बसेल का?